हास्य क्लबविषयी आपल्या लेआउटच्या ग्रुपवर झालेली चर्चा

काकाजी : सर्वांना नमस्कार. धानाची मळणी आटोपली की मारुतीच्या मंदिरासमोरील मोकळ्या जागेत रोज सकाळी सहा वाजता हास्य क्लब सुरू करावा, असे आम्हा काही ज्येष्ठांचे ठरले आहे. हसण्याने रक्तदाब, साखर आणि हृदयविकार कायमचे बरे होतात, असा संदेश मी काल येथे टाकला आहे. तो सर्वांनी वाचावा.

सिस्टरताई : काकाजी, क्लब जरूर सुरू करावा, पण तो संदेश कृपया काढून टाकावा. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाने २००५ मध्ये २० निरोगी व्यक्तींना चित्रपटांतील विनोदी आणि तणावाची दृश्ये दाखवून दंडाच्या रक्तवाहिनीची तपासणी केली, तेव्हा हसल्यानंतर रक्तप्रवाह सरासरी २२ टक्क्यांनी वाढला आणि तणावानंतर ३५ टक्क्यांनी घटला. ही गोष्ट खरी आहे. पण हा तात्पुरता आणि मोजक्या निरोगी माणसांत दिसलेला परिणाम आहे, त्याच्या भरवशावर कोणी रक्तदाबाची गोळी सोडली तर धावपळ मलाच करावी लागेल.

बंडूभाऊ : वजन तरी कमी होते काय?

सिस्टरताई : दहा-पंधरा मिनिटे हसल्यास १० ते ४० कॅलरी खर्च होतात, म्हणजे अर्धी पोळीसुद्धा जिरत नाही.

गुरुजी : माझ्या मते खरा लाभ सोबतीचा आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ मध्ये मुंबईच्या एका उद्यानात पाच जणांसह पहिला हास्य क्लब सुरू केला. थोड्याच दिवसांत विनोद संपले, म्हणून विनोदाशिवाय मुद्दाम हसण्याची पद्धत आली. रॉबर्ट प्रोव्हाइन या शास्त्रज्ञाला असे आढळले, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीस पट चारचौघांत हसतो, आणि तेही बहुधा विनोदावर नव्हे, साध्या बोलण्यावर. रोवणीच्या वेळी बांधीतून ऐकू येणारे बायकांचे हसणे आठवून पाहा. तेथे कोण चुटके सांगत असते? मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या चमूने तर एडिनबर्गच्या नाट्यमहोत्सवात प्रेक्षकांना प्रयोगाच्या आधी आणि नंतर भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीविना खुर्चीसारखे बसायला लावले. गंभीर नाटक पाहून आलेल्यांपेक्षा विनोदी कार्यक्रमात हसून आलेल्यांनी ती कळ अधिक वेळ सोसली. पोटातून हसताना श्वास सलग बाहेर पडतो, स्नायूंना श्रम होतात आणि मेंदूत एंडॉर्फिन हे वेदनाशामक द्रव्य सुटते, असे ते त्याचे कारण मानतात. आपल्याकडे खडी गंमत हे विनोदी लोकनाट्य पाहून उठलेल्यांवर हा प्रयोग कोणीतरी करायला हवा.

वहिनी : आमच्या घरच्यांचे हर्नियाचे ऑपरेशन नुकतेच झाले आहे. त्यांनी यावे काय?

सिस्टरताई : त्यांना एवढ्यात मुळीच पाठवू नका, जोराने हसल्याने पोटावर ताण येतो. हर्निया असलेल्यांनी, हसल्याने दम लागणाऱ्यांनी आणि खोकताना लघवी सुटणाऱ्या महिलांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

वहिनी : आणखी एक विनंती आहे. सकाळी सहा वाजता आम्ही मुलांचे डबे करत असतो. गुरुजी म्हणतात तशी सोबतच महत्त्वाची असेल, तर पुरुषांनी पुरुषांतच हसून काय होणार?

काकाजी : मान्य आहे. संदेश काढून टाकला आहे. सायंकाळी साडेपाचला जमू. दहा मिनिटे मुद्दाम हसणे आणि नंतर दिवाबत्तीपर्यंत गप्पा. सतरंजी बंडूभाऊंनी आणावी.