टॅबवर ‘पुणे’चं ‘पण’ झालंय. पट्टी बारीक हवी, पण मात्रा-उकार शाबूत हवेत (मदत हवी आहे)

शाईचा डाग

नमस्कार मंडळी,

मी घरून मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला फायरफॉक्स. त्यात शब्दकोश, विकिपीडिया, लेखकांच्या मेल, जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं असे तीस-पस्तीस टॅब कायम उघडे असतात. लॅपटॉप जुना, १३६६ बाय ७६८ चा, त्यामुळे उभी जागा मुळातच बेताची.

मी ब्राउझर सहसा बंद करत नाही, नुसतं झाकण मिटते. मंगळवारी अपडेटची खूण दिसली म्हणून बंद करून पुन्हा उघडला. बघते तर टॅबची पट्टी एकदम बारीक. आधी बरं वाटलं, कारण ती जाड पट्टी मला २०२१ पासून खुपतेय. मग अक्षरांकडे लक्ष गेलं. डोकं आणि पाय दोन्ही छाटलेले! ‘पुणे’च्या टॅबवर ‘पण’. ‘मुळे’चं ‘मळ’, ‘कुठे’चं ‘कठ’. डोळे बारीक करून पाहिलं तर उकाराच्या शेपटाचा एखादा ठिपका दिसतो, तेवढाच. इंग्रजी शीर्षकं मात्र बऱ्यापैकी धडधाकट, जी आणि वायची शेपटं तेवढी तुटलीत.

हसू नका. आठ तास मात्रा-वेलांट्याच बघायच्या आणि मान वर केली की हे. परवा तो ‘पण’ म्हणजे उभयान्वयी अव्ययांचं पान असं समजून मी तीनदा पुण्याचा नकाशा उघडला.

तर, हे अपडेटमुळे झालंय का, आणि याची दुरूस्ती कशी करायची? पट्टी बारीक राहून अक्षरंही पूर्ण दिसतील असं काही जमतं का? आणि जाणकारांना एक जाता जाता: ही डिझाइनवाली मंडळी दर थोड्या वर्षांनी पट्टीशी खेळतात, ते नेमकं काय साधतात?

खटपट्या

ताई, आधी दोन गोष्टी सांगा. मेनूत ‘हेल्प’, त्यात ‘अबाउट फायरफॉक्स’: आवृत्ती कितवी दिसते? त्याच हेल्पमध्ये ‘ट्रबलशूट मोड’ आहे, त्यात एकदा चालू करून बघा. खिडकी विचारेल तेव्हा ‘ओपन’ म्हणा. शेजारचं ‘रिफ्रेश’ चुकूनही दाबू नका, त्याने एक्स्टेन्शन आणि सेटिंगं उडतात.

सदू सोमवारचा

पस्तीस टॅब उघडे ठेवल्यावर अजून काय होणार? पाच ठेवा, प्रश्न मिटला. नाहीतर क्रोमवर या.

शाईचा डाग

@सदू, पाचात माझे शब्दकोशसुद्धा मावत नाहीत. आणि क्रोमवर टॅब वाढले की आकसत आकसत शेवटी नुसतं चित्र उरतं. फायरफॉक्स एका मर्यादेनंतर आकसणं थांबवतो आणि पट्टी सरकवू देतो. म्हणून तर इथे टिकून आहे.

@खटपट्या, आवृत्ती १४५. ट्रबलशूट मोडमध्ये ‘पुणे’ परत आलं! वेलांट्या, रफार, सगळं जागेवर. पण पट्टी पुन्हा जाड.

खटपट्या

मग अपडेट निर्दोष. तुमच्या प्रोफाइलमध्ये (म्हणजे फायरफॉक्स तुमची सेटिंगं ठेवतो त्या फोल्डरात) कुणीतरी यूजरक्रोम नावाची सीएसएस फाइल, म्हणजे ब्राउझरचं रूप ठरवणारी फाइल, टाकलीय. ट्रबलशूट मोडमध्ये ती वाचलीच जात नाही, म्हणून तिथे सगळं ठीक दिसलं. हेल्पमध्ये ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा, ‘प्रोफाइल फोल्डर’समोर ‘ओपन फोल्डर’ असं बटण आहे. आत ‘क्रोम’ नावाचा फोल्डर दिसतो का? (गूगलच्या क्रोमशी संबंध नाही. ब्राउझरच्या चौकटीला, म्हणजे बटणं, पट्ट्या, मेनू यांना मिळून क्रोम म्हणतात. नाव जुनं आहे.)

शाईचा डाग

सापडला. आणि गुन्हेगारही सापडला.

दिवाळीत भाचा आला होता. “मावशी, तुझी पट्टी बारीक करून देतो” म्हणाला, कुठूनतरी काहीतरी आणून चिकटवलं आणि फराळाचा डबा घेऊन हॉस्टेलला गेला. तेव्हा काहीच बदललं नाही, म्हणून मी विसरूनही गेले. फाइलमध्ये महिरपी कंसांत दोनच गोष्टी आहेत: टॅबची किमान उंची २० पिक्सेल, आणि टॅबच्या लेबलला लाइन-हाइट ०.८.

खटपट्या

तेव्हा बदललं नाही, कारण ही फाइल ब्राउझर सुरू होतानाच वाचली जाते. तुम्ही झाकण मिटत राहिलात. मंगळवारी अपडेटच्या निमित्ताने खऱ्या अर्थाने बंद-चालू केलात आणि भाच्याचं काम उगवलं. फायरफॉक्सची नवी आवृत्ती मंगळवारीच येते, त्यामुळे आळ बिचाऱ्या अपडेटवर.

शिवाय २०१९ च्या ६९ व्या आवृत्तीपासून ही फाइल आपोआप वाचली जात नाही, अबाउट-कॉन्फिगमध्ये (पत्त्याच्या चौकटीत about:config टाइप केलं की उघडणारं आतल्या सेटिंगांचं पान) जाऊन एक स्विच मुद्दाम चालू करावा लागतो. भाच्याने तोही केलाय. पोरगा नुसता खटपट्या नाही, चिवट आहे.

ओळंबा

वाचक होतो, पण विषय आवडीचा निघाला. मी इंटरफेसचंच काम करतो (फायरफॉक्सचं नव्हे), म्हणून जरा लांबण लावतो.

आधी मात्रांचं. फायरफॉक्सच्या मूळ सीएसएसमध्ये टॅबच्या लेबलला लाइन-हाइट १.७ दिलेली आहे. म्हणजे अक्षराच्या आकाराच्या पावणेदोनपटीच्या आसपास ओळीची उंची. शेजारी टीप आहे की काही गणिती फॉन्टांची मापं अवाढव्य असतात, त्यांनी टॅब फुगू नये म्हणून हा आकडा बांधून टाकलाय. देवनागरी कुणाच्या मनात होती असं त्या टिपेवरून वाटत नाही, पण आपल्याला ते १.७ पुरतं. भाच्याने त्याचं ०.८ केलं. लेबलाबाहेर जाईल ते कापायचं हा नियम मूळचाच आहे, म्हणून वरून मात्रा गेली आणि खालून उकार. इंग्रजीचं भागतं, कारण तिथे बहुतेक अक्षरं मधल्या पट्ट्यातच संपतात. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, आणि पायाशी उकार, ऋकार. ‘कर्तृत्व’ हा एकच शब्द टॅबमध्ये टाकून बघा, दोन्हीकडची जागा किती लागते ते कळेल. माझा अनुभव असा की डिझाइनची नमुनाचित्रं ‘न्यू टॅब’ असल्या शब्दांवर बेतली जातात आणि ‘कर्तृत्व’ कुणी टाकून बघत नाही. फायरफॉक्समध्ये निदान खोटी भाषा लावून बघायची सोय आहे: इंटरफेसचे सगळे शब्द मुद्दाम लांबवलेले आणि चिन्हांनी लडबडलेले दिसतात, कुठे काय तुटतं ते कळतं. पण टॅबवरचं शीर्षक वेबसाइटकडून येतं, ते त्या चाळणीत सापडत नाही.

आता पट्टीशी खेळण्याबद्दल. २०११ साली आवृत्ती ४ आली तेव्हा टॅब पत्त्याच्या चौकटीच्या वर गेले आणि खालची स्टेटसची पट्टी गेली. २०१४ च्या एप्रिलमध्ये, २९ व्या आवृत्तीत, ‘ऑस्ट्रेलिस’ नावाचं नवं रूप: टॅबना गोलाईदार खांदे, उजवीकडे तीन आडव्या रेघांचा मेनू. लोक इतके वैतागले की जुनं रूप परत आणणारं एक्स्टेन्शन घराघरांत पोचलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये ५७ व्या आवृत्तीत ‘फोटॉन’: खांदे गेले, टॅब पुन्हा चौकोनी. त्याच दिवशी जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शनंही बंद झाली, म्हणजे ते जुनं रूप आणणारंही गेलं. आणि १ जून २०२१ ला ८९ वी आवृत्ती, ‘प्रोटॉन’. तुमची जाड पट्टी ती हीच. फोटॉनमध्ये टॅबची किमान उंची ३३ पिक्सेल होती, प्रोटॉनमध्ये ३६ झाली, आणि टॅब पट्टीपासून सुटून तरंगू लागला, म्हणून वर-खाली आणखी मोकळी जागा आली. मेनूतली बारीक चित्रंही तेव्हाच गेली.

प्रोटॉन दिसायला स्वच्छ आहे, हे मी मान्य करतो. हेतूही समजतो: बोटाने दाबता यावं, गर्दी कमी दिसावी. पण त्याच वेळी ‘कॉम्पॅक्ट’ मांडणी काढून टाकायचा बेत होता, आणि कारण दिलं होतं की ती सापडायला अवघड आहे आणि ती फारसं कुणी वापरत नसावं असं *आम्ही गृहीत धरतो*. हे बगझिलावर, म्हणजे फायरफॉक्सच्या तक्रारी नोंदवायच्या उघड्या वहीत, लिहिलेलं होतं, त्यामुळे सगळ्यांनी वाचलं. स्वतःच कोपऱ्यात ठेवायची आणि मग म्हणायचं कुणी वापरत नाही! आरडाओरडा झाला, तेव्हा ती पूर्ण न काढता लपवली. जे आधीपासून वापरत होते त्यांची तशीच ठेवली.

तर ताई, भाच्याची फाइल बाजूला ठेवा आणि हे करा: अबाउट-कॉन्फिगमध्ये ‘ब्राउझर.कॉम्पॅक्टमोड.शो’ शोधा (टाइप अर्थात रोमनमध्ये) आणि ते ‘ट्रू’ करा. मग वरच्या पट्टीवर राइट क्लिक, ‘कस्टमाइझ टूलबार’, तळाशी ‘डेन्सिटी’, त्यात ‘कॉम्पॅक्ट’. शेजारी ‘नॉट सपोर्टेड’ असं लिहिलेलं दिसेल, ते मनावर घेऊ नका. प्रोटॉनच्या हिशोबात यात टॅबची उंची २९ पिक्सेल होते, आणि लेबलाला हात लागत नाही.

सदू सोमवारचा

एवढ्यात माझे पाच टॅब वाचून झाले.

शाईचा डाग

ओळंबा, मनापासून आभार. भाच्याच्या फाइलचं नाव बदलून ठेवलं, उडवली नाही, बिचाऱ्याने प्रेमाने दिली होती. कॉम्पॅक्ट केलं. पट्टी भाच्याएवढी बारीक नाही, पण ‘पुणे’ पूर्ण. ‘कर्तृत्व’ही टाकून पाहिलं, रफार आणि ऋकार दोन्ही दिसतात. मात्र पस्तीस टॅबांत प्रत्येकाच्या वाट्याला शीर्षकाची तीन-चारच अक्षरं येतात, ते दुखणं राहिलंच.

खटपट्या

त्यावर उभे टॅब. मार्च २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीपासून आलेत. टॅबच्या पट्टीवर राइट क्लिक करा, ‘टर्न ऑन व्हर्टिकल टॅब्ज’. वरची पट्टी जाते आणि सगळे टॅब डावीकडे एकाखाली एक बसतात. आडवी जागा तुमच्याकडे १३६६ आहे, उभी ७६८. जी जास्त आहे तिच्यातून घ्या.

ओळंबा

हेच सांगणार होतो. त्याच वर्षी एप्रिलपासून टॅबचे गटही मिळू लागले. गंमत म्हणजे गट २०११ च्या आवृत्ती ४ मध्येही होते, ‘पॅनोरमा’ नावाने. वापर कमी म्हणून २०१६ मध्ये काढले, आणि नंतर वापरणाऱ्यांनीच मागून मागून परत आणायला लावले.

शाईचा डाग

उभे टॅब करून आज पूर्ण दिवस काम केलं. पहिला तासभर हात सारखा वर जात होता, तिथे काहीच नव्हतं. दुपारपर्यंत सवय झाली. शीर्षकं जवळजवळ पूर्ण वाचता येतात, आणि वर जी जागा सुटली त्यात पीडीएफच्या दोन ओळी जास्त दिसतात. शब्दकोशांचा एक गट केला, लेखकांच्या मेलचा एक. लेखकांचा मिटवून ठेवलाय.

एकच शंका. डावी पट्टी आकसली की नुसती चित्रं राहतात, आणि माझ्या तीन शब्दकोशांचं चित्र एकच आहे. यावर काही?

खटपट्या

माउस त्यावर धरा, शीर्षक दिसेल. तेवढंच आहे सध्या. आणि ताई, राग मानू नका, पण मूळ पोस्टमध्ये तुम्ही ‘दुरूस्ती’ लिहिलंय. रु ऱ्हस्व.

शाईचा डाग

अगं बाई. ते भाच्याच्या फाइलने कापलं असं समजा.