पायवाटांची पाहणी: काउंटर कुठे लावायचा, मातीची धूप कशी मोजायची?

प्रश्न: उन्हाळी इंटर्नशिपमध्ये सार्वजनिक वनातल्या पायवाटांची नोंद करायची आहे. इन्फ्रारेड काउंटरचे (ये-जा करणारी माणसं इन्फ्रारेड किरणांनी मोजणारं यंत्र) आकडे कितपत खरे धरावेत? वाटेची झीज कशी मोजतात?

उत्तर १: काउंटर कंबरेच्या उंचीवर, वाट अरुंद असेल तिथे लावा. फाटा, बाक, देखाव्याची जागा टाळा. लोक रेंगाळतात आणि एकच माणूस दोनदा मोजला जातो. समोर हलणारी फांदी किंवा उन्हाने तापणारा कातळ नको, खोट्या नोंदी होतात. शेजारी-शेजारी चालणारे दोघे मात्र एकच धरले जातात. म्हणून वेगवेगळ्या दिवशी काही तास प्रत्यक्ष मोजणी करा. हाताने ६०, यंत्रात ४८ आले, तर गुणक १.२५, म्हणजे यंत्राच्या आकड्याला १.२५ ने गुणा. तो दुसऱ्या जागेला लावू नका!

उत्तर २: झिजेसाठी वाटेच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोका, टेप ताणून बांधा आणि दर १० सेंमीवर टेपपासून जमिनीपर्यंतची खोली मोजा. टेप सैल पडली की सगळी मापं चुकतात. पुन्हा त्याच जागी मोजता यावं म्हणून खुंट्यांचे जीपीएस बिंदू नोंदवाच, पण झाडीत जीपीएस काही मीटर चुकतो. जवळच्या ठळक खुणेपासूनचं अंतरही लिहा. वाटेचा चढ डोंगरउताराच्या निम्म्याहून जास्त असेल तर पाणी वाटेवरूनच धावतं, तिथे आधी मोजा.