प्रार्थनेला न थांबणाऱ्या पोराला संघात जागा आहे का?

सेंटर हाफ (धागाकर्ता)
एका युवक-पाळकांची पोस्ट कालपासून सगळीकडे फिरतेय. म्हणणं असं, की वाया चाललेली पोरं फुटबॉलने सुधारत नाहीत, सामन्याआधीच्या प्रार्थनेने सुधारतात. चेंडू हा नुसता गळ. खाली 'आमेन'ची रांग. सुधारगृहातून सुटलेल्या पोरांना मी बरीच वर्षं खेळवतोय, त्यामुळे गप्प बसवेना.

पोरगं वेळेवर यायला लागतं, कारण उशीर झाला की बाकावर बसावं लागतं. रागाच्या भरात कुणाला लाथ घातली की लाल कार्ड, आणि मग उरलेले दहा जण त्याच्यापायी ऊर फुटेस्तोवर धावतात. नंतर तेच दहा जण त्याला ऐकवतात, आणि माझ्या बोलण्यापेक्षा त्यांचं बोलणं जास्त लागतं. हे सगळं खेळातच आहे. श्रेय वरच्याला द्यायचं तर खुशाल द्या. पण तेच पोरगं पुन्हा चोरीत सापडलं की 'त्याचं मनच कठोर होतं'! म्हणजे सुधारला तर देवामुळे, बिघडला तर स्वतःमुळे. बरं आहे.

मला खरं तर एकच विचारायचंय. प्रार्थनेच्या वेळी बाजूला उभं राहणारं पोरगं तुमच्या पहिल्या अकरात असतं का?

वेदीमागचा
दादा, चर्च वगळलंत तर खेळायला उरतं काय ते आधी बघा. बास्केटबॉल १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए (तरुणांची ख्रिस्ती संघटना) प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथने काढला, तोही आधीच्या शिक्षकांनी हात टेकलेल्या एका दंगेखोर वर्गासाठी. चार वर्षांनी व्हॉलीबॉल, पुन्हा वायएमसीएच्याच विल्यम मॉर्गनचा. मँचेस्टर सिटी हा फुटबॉल क्लब म्हणजे मुळात १८८० चा वेस्ट गॉर्टनच्या सेंट मार्क्स चर्चचा संघ. त्या चर्चच्या रेक्टरची, म्हणजे मुख्य पाळकाची, मुलगी ॲना कॉनेल तिथल्या पुरुषांना दारू आणि मारामाऱ्यांतून बाहेर काढू पाहत होती. सेल्टिक हा फुटबॉल क्लब १८८७ मध्ये ब्रदर वॉलफ्रिड यांनी उभा केला, ग्लासगोच्या गरीब मुलांच्या पोटात दोन घास जावेत म्हणून. हे सगळे काय गळ टाकून बसले होते?

शंकासूर
गळ हे तुमच्याच पाळकसाहेबांनी म्हटलंय, आम्ही नाही. आणि नेस्मिथचा तो वर्ग रस्त्यावरच्या पोरांचा नव्हता हो! वायएमसीएचे भावी सचिव होते ते, चांगले मिशा राखलेले तरुण, हिवाळ्यात बंद दाराआड तीच ती कवायत करून वैतागलेले. प्रार्थनेत मुरलेली मंडळीच इतका दंगा करत होती, तर प्रार्थनेच्या गुणाबद्दल मी आणखी काय बोलणार? मँचेस्टर सिटीचे मालक आज अबू धाबीचे आहेत, तेही एकदा 'आमेन'च्या रांगेत बसवून टाका.

वेदीमागचा
बरं बाबा, नेस्मिथची पोरं गुंड नव्हती, कंटाळलेली होती. मिळाला गुण, मिरवा. मग शिकागो घ्या. बिशप बर्नार्ड शील यांनी १९३० मध्ये कॅथलिक युथ ऑर्गनायझेशन काढली आणि तिचं नाव झालं ते बॉक्सिंगमुळे. टोळ्यांकडे ओढली जाणारी पोरं उपदेश ऐकायला येणार नाहीत, ठोसे मारायला येतील, हे त्या माणसाने ओळखलं होतं.

सुमेधाची आई
थांबा. बॉक्सिंग?? मी कौटुंबिक समुपदेशन करते. ज्या पोराबद्दल तक्रारच 'मारतो' ही आहे, त्याला नीट मारायला शिकवायचं? नॉर्वेत एंड्रेसन आणि ओल्वेउस यांनी २००५ मध्ये बॉक्सिंग, कुस्ती, वजन उचलणं असे ताकदीचे खेळ खेळणाऱ्या मुलग्यांचा अभ्यास छापलाय. खेळाबाहेरची मारामारी आणि इतर उपद्व्याप या मुलांत वाढलेले दिसले. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने धाकट्या भावाचा जबडा मोडला होता, अगदी शिकवल्याबरहुकूम.

निवृत्त मिडलवेट
ताई, जबडा न शिकताही मोडता येतो. मी ग्लोव्ह्ज चढवायच्या आधीच मोडलेत. माझे प्रशिक्षक ख्रिस्ती होते, मी नव्हतो आणि आजही नाही. रिंगबाहेर हात उचलला कळलं की महिनाभर फक्त दोरीच्या उड्या आणि जिमची फरशी पुसणं. एकदा पोलीस चौकीतून मला सोडवायला घरचं कोणी आलं नाही, ते आले. नॉर्वेचा कागद तुम्हीच ठेवा.

सुमेधाची आई
तुमचा एकट्याचा अनुभव म्हणजे पुरावा, आणि शेकडो मुलांचा अभ्यास म्हणजे कागद? तुम्ही सावरलात, आनंद आहे. जे सावरले नाहीत ते इथे प्रतिसाद द्यायला येत नाहीत.

निवृत्त मिडलवेट
आणि तुमचा जबड्याचा किस्सा कोणत्या अभ्यासातला? उगाच शहाणपण शिकवू नका. ज्या पोरांची नावं ऐकून तुमच्यासारखे लोक दार लावून घेतात, त्यांच्यात मी वाढलोय.

सुमेधाची आई
दार लावून घेते की उघडते, हे तुम्हाला इथे बसून कसं कळलं?

विंगर ती
एवढा वेळ नुसतं 'पोरगं, पोरगं'. मुलगा बिघडला की चेंडू. मुलगी घरातून पळाली की तिला शिवणकाम आणि पवित्र शास्त्राचा वर्ग. मी ज्या युवा केंद्रात जायचे तिथे मैदान मुलांचं, आम्ही पाण्याच्या बाटल्या भरायच्या. यावर काढा कोणीतरी धागा.

शंकासूर
+१. आधी इथली बॉक्सिंग संपू दे.

सेंटर हाफ
माझा प्रश्न सगळ्यांनी सोयीस्कर गाळला. ब्रेमर्टनचा खटला घ्या. शाळेचा फुटबॉल प्रशिक्षक जोसेफ केनेडी सामना संपला की मैदानाच्या मधोमध गुडघे टेकायचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ६ विरुद्ध ३ असा त्याच्या बाजूने निकाल दिला, ही त्याची वैयक्तिक प्रार्थना म्हणून. ठीक. पण त्याच प्रकरणात एका पालकाने कळवलं होतं, की माझा मुलगा नास्तिक असूनही त्यात सामील होतो तो खेळायला कमी मिळेल या धास्तीने. संघाची दोरी प्रशिक्षकाच्या हातात असते, तोंडाने 'या' म्हणायची गरजच काय? आणि त्या मुलामागे तक्रार करणारा बाप तरी होता. माझ्या पोरांच्या मागे कोण आहे?

वेदीमागचा
आमच्याकडे संघ निवडणारा वेगळा आणि प्रार्थना घेणारा वेगळा. आता बोला. बाजूला उभी राहणारी पोरंही खेळतात, शंका असेल तर येऊन बघा. हां, अशी पोरं हळूहळू सरावालाही यायची थांबतात, हे मीही पाहिलंय. हाताला धरून कोणी बाहेर काढत नाही त्यांना. त्याला मी काय करू?

सेंटर हाफ
प्रार्थना सरावानंतर घ्या. ज्याला घरी जायचं त्याला जाऊ द्या.

वेदीमागचा
सरावानंतर? दमलेली पोरं तेव्हा थांबतील का!

शंकासूर
उत्तर मिळालं. धागा वाचनमात्र करा.

निवृत्त मिडलवेट
वाचनमात्र कसला? ताईंनी जबड्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.