हिदेओ नोमोला जपानमध्ये एवढं का मानतात?

ओसाकातला_नाशिककर
मंडळी, कामानिमित्त दीड वर्ष झालं ओसाकात आहे, ऑफिसात सगळे बेसबॉलवेडे. सकाळी मोबाईलवर डॉजर्स या अमेरिकन टीमची मॅच लावलेली असते, त्यातला जपानी ओतानी नाहीतर यामामोतो खेळत असतो, आणि आमचे एक पन्नाशीतले सीनियर दर वेळी म्हणतात की हे सगळं हिदेओ नोमो या जुन्या पिचरमुळे (पिचर म्हणजे बॉल टाकणारा). म्हणून मी नोमोचे आकडे काढले तर अमेरिकेत १२३ विजय, १०९ पराभव आणि ईआरए ४.२४, म्हणजे नऊ इनिंगमागे सव्वाचार रन दिले. हे तर साधारणच वाटतंय, मग एवढा आदर कशाचा? कोणी नीट सांगेल का, सीनियरांना विचारायला जपानी कमी पडतं माझं.

फोर्कबॉल_६८
आकड्यांनी सुरुवात केलीस तिथेच गडबड झाली बघ. १९९५ च्या आधी अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये खेळलेला जपानी माणूस एकच, मासानोरी मुराकामी, तोही १९६४-६५ मध्ये, आणि त्यानंतर तीस वर्षं कोणीच नाही, कारण क्लब खेळाडूला सोडायचेच नाहीत. नोमो जपानात काही ऐरागैरा नव्हता, १९९० मध्ये किंतेत्सु बफेलोज या जपानी क्लबकडून पहिल्याच सीझनला १८ विजय आणि २८७ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर), त्याच वर्षी एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा) आणि सर्वोत्तम पिचरचं सावामुरा अवॉर्ड, सगळं एकदम. मग १९९४ च्या शेवटी क्लबकडे अनेक वर्षांचा करार मागितला, क्लब नाही म्हणाला. त्याचा एजंट डॉन नोमुरा याने नियमातली फट शोधली होती: स्वतःहून निवृत्त झालेल्या खेळाडूवर क्लबचा हक्क फक्त जपानपुरताच राहतो. म्हणून हा माणूस २६ व्या वर्षी, ऐन भरात, कागदोपत्री रिटायर झाला आणि १९९५ मध्ये डॉजर्सकडे गेला! पेपरवाल्यांनी गद्दार म्हटलं त्याला. तिकडे जमलं नसतं तर परत यायला तोंड राहिलं नसतं, हे डोळ्यासमोर ठेव आणि मग ते ४.२४ बघ.

डावखुरा
वरचं सगळं मान्य, पण प्रश्न विचारणाऱ्याचंही चूक नाही. पहिली दोन-तीन वर्षं सोडली तर नोमो एका जागी टिकला नाही, मेट्स, ब्रूअर्स, टायगर्स असा फिरत राहिला. धाडस मोठं होतं म्हणून पिचिंगही महान म्हणायचं हे मला पटत नाही.

फोर्कबॉल_६८
@डावखुरा, का फिरत राहिला तेही बघ ना. १९९४ मध्ये किंतेत्सुचे मॅनेजर होते केइशी सुझुकी, स्वतः तीनशेच्या वर मॅच जिंकलेले पिचर, त्यांचा विश्वास असा की जितकं जास्त फेकाल तितका हात तयार होतो. त्या जुलैत एका मॅचमध्ये नोमोचे १६ वॉक झाले (चार चुकीचे बॉल पडले की बॅटरला फुकट पहिला बेस, तो वॉक) तरी त्याला काढलं नाही, १९१ बॉल टाकून मॅच जिंकली त्याने. त्याच सीझनला खांदा गेला. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेत कोपराचं ऑपरेशन. एवढं होऊनही २००१ मध्ये अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सगळ्यात जास्त स्ट्राइकआउट, २२०, त्याचेच. नंतर डॉजर्समध्ये परत येऊन २००२ आणि २००३ ला प्रत्येकी १६ विजय. संपलेला पिचर असं करत नाही.

माउंडवरून
मला त्याची ॲक्शन आठवते. मलिंगाला पहिल्यांदा बघून कसं वाटलं होतं, हा असा काय टाकतोय, तसंच. दोन्ही हात डोक्यावर ताणायचा, मग अंग इतकं वळवायचा की बॅटरला त्याची पाठच दिसायची, तिथे क्षणभर थांबायचा आणि मग सुटायचा. टोर्नेडो म्हणायचे त्याला. आणि बॉल फोर्कबॉल असला तर बॅटरसमोरच्या प्लेटजवळ येऊन खाली पडायचा, बॅट वरून फिरून जायची. १९९५ मध्ये २३६ स्ट्राइकआउट, ईआरए २.५४, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार मॅचची सुरुवातही त्यानेच केली. आदल्या वर्षीच्या खेळाडूंच्या संपाने अमेरिकेतले प्रेक्षक चिडलेले होते, ते याला बघायला मैदानात यायला लागले.

पण एकच मॅच बघायची असेल तर १७ सप्टेंबर १९९६, डेन्व्हरचं कूर्स फील्ड. सोळाशे मीटर उंचीवर, हवा विरळ, बॉल भलताच लांब जातो, पिचरांची कत्तलच तिथे. पावसामुळे मॅच उशिरा सुरू झाली, माउंड (पिचर उभा राहतो तो मातीचा उंचवटा) ओला, पाय घसरायला लागला तेव्हा याने ती फेमस ॲक्शनच सोडून दिली, वळणं नाही की हात वर नाही, साधं उभं राहून टाकत गेला आणि नऊ इनिंगमध्ये एकही हिट (बॉल मारून बेस गाठणं) दिला नाही, यालाच नो-हिटर म्हणतात. त्या मैदानावर आजपर्यंत दुसरा नो-हिटर झालेला नाही.

डावखुरा
ॲक्शन बदलून टाकला हे माहीत नव्हतं मला. ठीक, साधारण म्हणणं मागे घेतो. नोमोचा दुसरा नो-हिटर २००१ मध्ये बॉस्टनकडून होता ना, म्हणजे दोन्ही लीगमध्ये एकेक?

माउंडवरून
हो, बाल्टिमोरला, बॉस्टनकडून पहिल्याच मॅचला.

ओसाकातला_नाशिककर
खूप आभार सगळ्यांचे. आज डब्याच्या वेळी सीनियरांना फक्त "नोमो, कूर्स फील्ड" एवढं म्हणालो तर ते जेवणाच्या काठ्या खाली ठेवून उठलेच, दोन्ही हात डोक्यावर नेऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मग सांगितलं की नोमो इथे साकाईच्या स्टील कंपनीच्या टीममधून वर आला आणि २००३ मध्ये कंपन्या टीम बंद करत होत्या तेव्हा पोरांना खेळायला जागा राहावी म्हणून त्याने साकाईत स्वतःचा क्लब काढला. रविवारी साकाईला घेऊन जातो म्हणालेत.