मदत हवी आहे : पूर आराखडा उद्या द्यायचाय, ९ जणींचं काय करू?

नदीकाठची_सिस्टर
उद्या दुपारपर्यंत आराखडा द्यायचाय, वरून नुसता कोरा फॉर्म आलाय. ९ जणी आहेत त्यातल्या ३ हलायला तयार नाहीत. औषधं किती ठेवायची? आणि पुराच्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोसाठीची डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) कुणाकुणाला? केलेलं असेल त्यांनीच सांगा प्लीज, "वेबसाइट बघा" नको, बघून झालीय.

बंड्या_शिरोळकर
गाव कुठलं? पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) का उपकेंद्र? आणि ९ जणी म्हणजे कोण?

नदीकाठची_सिस्टर
गरोदर हो, अजून कोण! उपकेंद्र, शिरोळ तालुका.

निवृत्त_एएनएम
पोरी, ९ चा आकडा राहू दे, तारखा काढ. पुढच्या महिनाभरात कुणाची डिलिव्हरी आहे ती नावं सगळ्यात वर. २०१९ ला माझी एक बाई "उद्या जाते" म्हणत राहिली, शेवटी कळा सुरू झाल्यावर होडीत बसवली, मी पोटाला हात लावून बसलेले, आजही अंगावर काटा येतो. हलत नाहीत त्याला कारण म्हैस असतं बघ. जनावरं कुठं बांधणार ते आधी सासऱ्याला विचार, मग सून आपोआप निघते. कार्ड आणि सोनोग्राफी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायला सांग.

डॉ_गावकुस
डॉक्सी सरसकट वाटू नका. पुराच्या पाण्यात वावरलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला २०० मिग्रॅ, तेही एमओंनी (मेडिकल ऑफिसर) सांगितल्यावर, जेवणानंतर. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि ८ वर्षांखालची मुलं वगळा.

आपला_बाळू
आमच्यात २०२१ ला सगळ्यांना वाटल्या, कुणाला काय झालं नाही.

डॉ_गावकुस
बाळू, झालं नाही का तुम्हाला कळलं नाही?

चिपळूणची_मावशी
आमच्याकडे २२ जुलै २०२१ ला तळमजला गेला तो गेलाच. औषधं माळ्यावर ठेवा. बीपी, शुगर, टीबीवाल्यांना महिन्याच्या गोळ्या आत्ताच देऊन टाका. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कोरड्या जागी, दमट झाली की ताकद जाते, म्हणून पाण्याची ओटी टेस्ट (क्लोरीन उरलंय का ते बघायची) करत राहा.

कृष्णाखोरं
मूळ प्रश्न कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा आहे. उंची ५१९ ची ५२४ मीटर करणार म्हणे, मग आराखडे करून काय उपयोग?

बंड्या_शिरोळकर
त्याचा धागा वेगळा काढा की राव. ताई, कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ धोका. ३९ लाच बायका हलवा, आपल्याकडं पंचगंगा न् कृष्णा दोन्ही चढतात, रस्ता कधी बंद होईल नेम नाही.

ट्रेकर_पुणे
मी हेडलॅम्प आणि २० हजारची पॉवर बँक वापरतो, एकदम भारी आहे.

चिपळूणची_मावशी
हे कुणी विचारलं?

नदीकाठची_सिस्टर
मावशी, माळा नाही. आणि सांगायचं राहिलं, २०१९ ला उपकेंद्रातच पाणी शिरलेलं.

बंड्या_शिरोळकर
हे पहिल्यांदा सांगायचं ना!! मग उंचावरची शाळा नाहीतर देऊळ धरा, किल्ली कुणाकडं असते तेसुद्धा फॉर्मात लिहा, त्या दिवशी किल्लीवालाच गावात नसतो.

नदीकाठची_सिस्टर
बरं. ऑगस्टच्या तारखेच्या दोघी आहेत, तिघींपैकीच, आणि खरंच म्हशीच निघाल्या! एकीच्या सासऱ्यानं होय म्हटलं. दुसरी माहेरी जाते म्हणतेय, कुरुंदवाडला.

निवृत्त_एएनएम
कुरुंदवाड? अगं तिथं तुझ्याआधी पाणी येतंय. परत फोन लाव तिला.