मदत हवी आहे: क्यूजीआयएसमध्ये खचणाऱ्या कड्याची रेघ

नमस्कार मंडळी. पुण्यात भूगोलात एमएस्सी करतेय. प्रकल्प रशियाच्या सायबेरियातल्या, याकुतियातल्या बाटागायच्या खड्ड्यावर आहे. तिथे कायम गोठलेल्या जमिनीतला बर्फ वितळतो, माती खचते आणि कडा दर उन्हाळ्यात मागे सरकतो. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं (एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लावून कड्याची रेघ हाताने आखतेय. पण सप्टेंबरातल्या चित्रात सावली आणि ओली माती सारखीच काळी दिसते. काल एकच कडा तीनदा आखला, तिन्ही रेघा वेगळ्या आल्या!

त्यापेक्षा आर्क्टिकडीईएम, म्हणजे आर्क्टिक भागातल्या जमिनीच्या उंचीचा दर २ मीटरला आकडा देणारा डेटा, वापरून दोन वर्षांतला फरक काढावा का? मग त्या दोन वर्षांच्या डेटाच्या पट्ट्या आधी एकमेकींवर नीट जुळवायच्या कशा? साधन मोफतच हवं, लॅपटॉप ८ जीबीचा आहे. कोणी केलं असेल तर कृपया सांगा. कोथरूड-डेक्कनकडे कोणी असेल तर मी लॅपटॉप घेऊन येईन.