अनुभव धागा : अभ्यासातली चुरस

माझी मुलगी यंदा शिष्यवृत्ती परीक्षेला बसतेय. ती आणि तिची मैत्रीण रोज संध्याकाळी एकमेकींना बुद्धिमत्तेची दहा-दहा उदाहरणं घालतात. हरलेली कधी रुसते, पण दुसऱ्या दिवशी आधी हजर असते. हे वाढू द्यावं की आवरावं, कळत नाही. तुमच्या अभ्यासात अशी चुरस होती का? लिहा.

*

मी चौथीत शिष्यवृत्तीला बसलो होतो. शाळा सुटायच्या आधी गुरुजी पाढ्यांची जुगलबंदी लावत. निमकी, दिडकी म्हणजे अर्ध्याचा, दीडचा पाढा मला चोख येई. माझं घोडं एकोणतीसपाशी अडायचं. शेजारच्या वाडीतला मित्र मात्र तिथे कधी चुकत नसे. एकदा बांधावरून घरी जाताना त्यानेच सांगितलं, "तीसचा म्हण आणि वजा कर. तीस सत्ते दोनशे दहा, त्यातून सात काढ." दुसऱ्या दिवशी त्याच युक्तीने मी त्याला हरवलं. सगळ्यांत आधी टाळी त्याने वाजवली. गणिताची भीती माझी तिथेच गेली आणि पुढे मी गणितच शिकवलं.

*

माझा अनुभव कडू आहे. आमच्या वर्गात घटक चाचणीच्या गुणांवर बाक बदलत. पहिला बाक टिकवायचा म्हणून मी मैत्रिणीला "माझंही झालं नाही गं" असं खोटं सांगून वही दप्तरात लपवली होती. गुण मिळाले, पण त्या धड्यातलं आज काही आठवत नाही. तिचा चेहरा आठवतो.

*

पुण्यात एमपीएससीची तयारी करताना अभ्यासिकेत आम्ही चौघं होतो. रविवारी घड्याळ लावून राज्यसेवा पूर्वपरीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका सोडवायचो. शंभर प्रश्न, दोन तास. कमी गुणवाल्याने चहा पाजायचा आणि जास्त गुणवाल्याने त्याचे चुकलेले प्रश्न समजावायचे. खरा अभ्यास त्या चहावर झाला. समजावताना आपल्यालाच नीट कळलं नव्हतं, हे लक्षात यायचं.

*

आमची चुरस नातेवाइकांनी लावली होती. दहावीच्या निकालानंतर चुलतभाऊ आणि मी दोन वर्षं बोललो नाही. भांडण आमचं नव्हतंच. ताई, मुलींचं त्यांच्यातच राहू द्या, गुण घरात मोठ्याने वाचू नका.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमची एकोणतीसची युक्ती आज दोघींना दाखवली. मुलीने लगेच विचारलं, "मग एकोणचाळीसचा?" आता दोघी एकाच पाटीवर चाळीसचा पाढा लिहितायत.